घराला इंग्रजी येत नाही

सोलापूरच्या भवानी पेठेतल्या नारायणसरांच्या घरात वाईटसाईट बोलायचं असेल तर ते इंग्रजीतून बोलायचं, असा नियम होता. नियम सरांचा नव्हे, त्यांच्या बायकोचा, प्रेमलाताईंचा. आणि प्रेमलाताईंना इंग्रजी म्हणजे औषधाच्या बाटलीवरची अक्षरं लावून वाचण्यापुरतं येत होतं.

झालं होतं असं की त्यांची एकुलती एक वैदेही चार-पाच वर्षांची असताना दारात पाय आपटत ओरडली होती, "मी कध्धी कध्धी शाळेत जाणार नाही!" प्रेमलाताई पोळ्या टाकून धावत आल्या आणि पिठाच्या हाताने त्यांनी तिचं तोंड दाबलं. घरात असं अभद्र बोलायचं नसतं. वास्तुपुरुष ऐकत असतो आणि कानावर पडेल त्याला तथास्तु म्हणून मोकळा होतो, हे त्यांना त्यांच्या आईने सांगितलं होतं आणि त्यांनी ते जन्मभर पाळलं होतं. पण पोर हट्टाला पेटलेली. शेवटी प्रेमलाताई वैतागून म्हणाल्या, "एवढं बोलायचंच असेल तर बाबांच्या इंग्रजीत बोल. घराला इंग्रजी येत नाही."

घराला इंग्रजी येत नाही हे त्यांना कुणी सांगितलं होतं, देव जाणे. सर मात्र खुर्चीत बसल्या बसल्या पोट धरून हसले. हायस्कूलात इंग्रजी शिकवण्यात त्यांची हयात चाललेली. त्यांनी तिथल्या तिथे लेकीला मांडीवर घेतलं आणि शिकवलं, "आय विल नेव्हर गो टु स्कूल." वैदेहीने ते तीनदा म्हटलं, मन मोकळं केलं आणि दप्तर घेऊन शाळेत गेली.

तेव्हापासून ती घरची रीतच झाली. दोडक्याची भाजी पानात पडली की वैदेही म्हणायची, "आय विल नेव्हर ईट धिस अगेन." भारत मॅच हरला की सर टीव्ही बंद करून जाहीर करायचे की यापुढे जिवात जीव असेतो क्रिकेट बघणार नाही, आणि तेही अगदी छापील इंग्रजीत. प्रेमलाताईंनीही एक शब्द उचलला होता. शेजारच्या मागावाल्यांच्या घरून कुणी दुसऱ्यांदा चहाचा आग्रह केला की त्या हात हलवून "नेव्हर, नेव्हर" म्हणायच्या आणि दुसरा कप घ्यायच्या. दोडका पुढच्या आठवड्यात खाल्ला जायचा. मॅच पुढच्या रविवारी बघितली जायची. त्या घरात इंग्रजीतल्या 'नेव्हर'ला कुणी धरून ठेवत नसे.

शाळेत मात्र सरांचा हाच धडा आवडीचा होता. मराठी माणसाला पुढच्या गोष्टीला ठाम नाही म्हणताच येत नाही, असं त्यांचं मत. "आपण काय म्हणतो? बघू. येऊ की. होईल की. येणार नसलो तरी येऊ की! इंग्रजीत तसं नाही. 'आय विल नॉट' म्हणालात तर समोरच्याला वाटतं, अजून थोडी जागा आहे. 'आय विल नेव्हर' म्हणालात की दार लागलं. पुढे 'ॲज लाँग ॲज आय लिव्ह' जोडलंत की कडीसुद्धा लागली." पोरं हसायची. कितीतरी पिढ्यांना त्यांनी दार लावायला शिकवलं. घरी आले की मात्र हे सगळं चपलांबरोबर बाहेर राहायचं.

वैदेही शिकली, बंगळूरला नोकरीला लागली. इकडे सरांनी वैरागच्या एका जुन्या मित्राला शब्द दिला होता, त्याच्या मुलासाठी. साखरपुड्याची तारीख धरली, कार्यालय बोललं, आणि वैदेहीने घरी येऊन सांगितलं की तिला ऑफिसातल्या जोबिनशी लग्न करायचं आहे. जोबिन केरळचा, ख्रिश्चन. सरांचा धर्मावर फारसा राग नव्हता, खरं सांगायचं तर. पण शब्द गेला होता. मित्राला तोंड कसं दाखवायचं, या एकाच गोष्टीने त्यांचं डोकं फिरलं. आणि डोकं फिरलं की सर इंग्रजीत शिरायचे.

दारात, वर्गात उभे राहायचे तसे ताठ उभे राहून, ते लेकीला म्हणाले, "ॲज लाँग ॲज आय लिव्ह, यू विल नेव्हर सेट फूट इन धिस हाउस अगेन." मी जिवंत आहे तोवर या घरात पाऊल टाकायचं नाही. वैदेहीने बॅग खांद्याला लावली. तीही त्यांचीच विद्यार्थिनी. "फाइन," ती म्हणाली, "आय विल नेव्हर कम बॅक."

स्वयंपाकघराच्या दारात प्रेमलाताई पदर तोंडाशी धरून उभ्या होत्या. त्यांना दोनच शब्द कळले, दोन्ही 'नेव्हर'. आणि सांगायला जीव तुटतो, पण त्या क्षणी त्यांना हायसं वाटलं. इंग्रजीत आहे, त्या मनात म्हणाल्या. उतरेल राग.

राग उतरला, तो तर महिन्याभरात उतरला. वैरागच्या मित्राने स्वतः फोन करून सांगितलं की पोरांची मनं जुळत नसतील तर आपण काय करणार. पण वैदेही आली नाही आणि सरांनी बोलावलं नाही. लग्न बंगळूरला नोंदणी पद्धतीने झालं, ते प्रेमलाताईंनी फोनवरच्या फोटोत बघितलं. दर रविवारी सकाळी वैदेहीचा फोन यायचा. तो आला की सर टीव्हीचा आवाज पार बंद करायचे आणि मुक्या बातम्यांकडे बघत बसायचे. फोन संपला की आवाज पुन्हा सुरू. लेकीचं कसं चाललंय, एवढंसुद्धा विचारायचे नाहीत.

प्रेमलाताई लेकीला म्हणायच्या, "कधी येतेस?" वैदेही म्हणायची, "बघू गं." आता बघू म्हणजे काय, हे सबंध महाराष्ट्राला माहीत आहे. प्रेमलाताईंनी मात्र त्याचा अर्थ येणार असा लावला. कुणी जा म्हटलंय थोडंच? जे घराने ऐकलंच नाही ते झालंच नाही, असा त्यांचा हिशेब. त्यामुळे नवऱ्याजवळ बसून, अहो, बोललात ते मागे घ्या, तिला बोलवा, असं त्या एकदाही म्हणाल्या नाहीत. जे झालंच नाही ते मागे काय घ्यायचं?

मग दिवस गेल्याची बातमी आली. पहिलं बाळंतपण माहेरी होतं, यात विचारण्यासारखं काय आहे? प्रेमलाताईंनी जुनी मऊ लुगडी काढून दुपटी शिवली, डिंक आणला, मधली खोली झाडून घेतली. सातव्या महिन्यात एका दुपारी वैदेहीचा फोन आला, रविवार नसताना. इकडचं तिकडचं झाल्यावर तिने विचारलं, "बाबा काही म्हणाले का गं?"

"ते काय म्हणणार?" प्रेमलाताई म्हणाल्या. "काही नाही म्हणाले."

वैदेही "बरं" म्हणाली आणि तिने फोन ठेवला. नंतर कळवलं की डॉक्टर प्रवास नको म्हणतायत. इरा बंगळूरलाच झाली. लाडू कुरिअरने गेले. दुपटीसुद्धा.

यंदाच्या उन्हाळ्यात, सकाळचा चहा घेताना, सरांच्या हातातून कप पडला. छातीवर हात धरून ते तसेच वाकले. प्रेमलाताई ओरडत गल्लीत आल्या तेव्हा कोपऱ्यावरचा गौस रिक्षा पुसत होता. त्याने फडकं टाकलं आणि सरांना अक्षरशः कडेवर घेतल्यासारखं आणून मागच्या सीटवर ठेवलं.

"काकू, तुमी भिऊ नका," रिक्षा काढता काढता तो म्हणाला. "सरला घट धरून बसा. कायबी होत न्हाय सरला. लई पोरं शिकविलीत त्येनी."

दवाखान्यात नेल्यावर डॉक्टर म्हणाले, वेळेवर आणलंत. बंद शीर उघडली, जाळी बसवली. दुसऱ्या दिवशी सकाळी वैदेही आली. गाडीतून उतरून थेट दवाखान्यात, केस विस्कटलेले, डोळे सुजलेले. सरांनी तिला काचेतून बघितलं आणि नर्सला हाताने खूण केली, सोडा तिला आत.

"जेवलीस का?" सरांनी विचारलं.

"हो बाबा."

"गाडीला गर्दी होती?"

"नव्हती."

बस, एवढंच. आठ वर्षांनी भेटलेले बापलेक. पण प्रेमलाताईंना ते पुरलं. त्यांच्या लेखी सगळं जागच्या जागी आलं होतं. त्यांनी कनवटीची किल्ली काढून वैदेहीपुढे धरली. "घरी जा, अंघोळ कर, थोडी पड. डब्यात कडक भाकरी आहे, शेंगाची चटणी आहे."

"नको आई. मी स्टेशनसमोर लॉजवर खोली घेतलीय."

प्रेमलाताई तिच्याकडे बघतच राहिल्या. "अगं, घर असताना लॉजवर? लोक काय म्हणतील?"

"बाबांनी सांगितलंय ना, घरात पाऊल टाकायचं नाही."

कधी सांगितलं, हेच त्यांना आठवेना. आठवलं तेव्हा त्यांना हसूच आलं, कालपासूनच्या ताणानंतर आलेलं मोकळं हसू. "ते होय? वेडी आहेस का? अगं, ते इंग्रजीत होतं की."

वैदेही हसली नाही. ती आईला घेऊन व्हरांड्यातल्या बाकड्यावर बसली. "आई, आमच्या घरात इंग्रजीच बोलतात. मी आणि जोबिन इंग्रजीत भांडतो आणि इंग्रजीतच एकमेकांची समजूत काढतो. इराला ताप आला की ती मला इंग्रजीत हाका मारते. मला इंग्रजीतलं लागतं गं. इथे होते तेव्हा नव्हतं लागत. आता लागतं."

"मग मला सांगायचंस की."

"काय सांगू? एकदा सांगायलाच आले होते." ती व्हरांड्याच्या फरशीकडे बघत बोलत होती. "इरा पोटात होती. सातवा होता. तुला न सांगता गाडीत बसले आणि सोलापूरला उतरले. वाटलं, बाबांनी नुसतं ये म्हणावं. स्टेशनवरच्या बाकावरून तुला फोन केला. बाबा काही म्हणाले का विचारलं. तू म्हणालीस, काही नाही म्हणाले."

तो फोन प्रेमलाताईंना शब्द न् शब्द आठवत होता.

"मी तिथे बसून खूप रडले, आई. एक बाई मला पाणी देत होती. संध्याकाळच्या गाडीने परत गेले."

"माझं म्हणणं तसं नव्हतं गं," प्रेमलाताई म्हणाल्या. "म्हणजे नको म्हणाले नाहीत, असं म्हणत होते मी."

"मला आता कळतंय ते," वैदेही म्हणाली. तिने आईचा हात हातात घेतला. रिक्षाने दहा मिनिटांवर लेक बसली होती, पोटुशी, आणि आपण घरात डिंक निवडत होतो, हे प्रेमलाताईंना पुन्हा पुन्हा आठवत होतं आणि प्रत्येक वेळी नव्याने भाजत होतं.

सरांना साध्या वॉर्डात हलवलं त्या दुपारी प्रेमलाताई खाटेजवळ स्टूल ओढून बसल्या. "त्या दिवशी दारात लेकीला बोललात ते मागे घ्या."

"काय बोललो?"

"नेव्हर म्हणालात."

सर कपाळाला आठ्या घालून आठवत राहिले. "ते इंग्रजीतलं? ते तिला खरं वाटलं?"

"तुम्हीच शिकवलंत की तिला."

सगळ्या पेठेच्या पोरांना दार लावायला शिकवणारा माणूस, त्याला आपण लावलेलं दार इतकी वर्षं दिसलं नव्हतं. "मला वाटलं, तू कधीतरी म्हणशील, तिला बोलवा," ते म्हणाले. "मी वाट बघत होतो. तू म्हणाली असतीस तर मी स्वतः आणायला गेलो असतो."

"आणि मला वाटलं, आपलीच लेक, तिला बोलवायचं काय."

काय म्हणावं या दोघांना? एका छपराखाली राहायचं, एका ताटलीत शेंगदाणे खायचे, आणि एवढं एक वाक्य एकमेकांना विचारायचं नाही. राग येतो. पण त्या खाटेशी बसलेल्या त्या दोघांकडे बघून कुणाचाही राग टिकला नसता.

वैदेही फळं घेऊन आली तेव्हा सरांनी तिला जवळ बोलावलं. "वैदू," ते म्हणाले, "घरी ये." तेवढ्यानेही त्यांना दम लागला. वैदेहीने त्यांच्या हातावर कपाळ टेकलं आणि तिचे खांदे हलायला लागले. "तुम्ही बरे व्हा, बाबा," एवढंच ती म्हणाली.

प्रेमलाताईंनी तो होकार धरला. सवय जाते का कुठे? त्या रोज दुपारी घरी जायच्या आणि थोडी थोडी तयारी करून यायच्या. मधल्या खोलीतल्या पलंगावर नवी चादर आली. सुट्टीत इरालाही आणता येईल म्हणून माळ्यावरची छोटी खुर्ची खाली आली. सरांना घरी सोडायच्या आदल्या दिवशी त्यांनी शेंगापोळ्या केल्या, वैदेहीला आवडतात तशा, गूळ जरा जास्त घालून.

घरी आणताना गौसनेच रिक्षा आणली. दार उघडं टाकून प्रेमलाताई भाकरतुकडा आणि पाण्याचा तांब्या घेऊन उंबऱ्याशी उभ्या होत्या. वैदेहीने सरांना दंडाला धरून एकेक पायरी चढवलं. प्रेमलाताईंनी सरांवरून तुकडा ओवाळून टाकला. सरांनी उंबरा ओलांडला, तसा वैदेहीने त्यांचा हात आईच्या हातात दिला. "तू धर आता."

सरांना पलंगावर टेकवून प्रेमलाताई परत दाराशी आल्या. वैदेही वरच्या पायरीवरच होती. चपला पायात होत्या.

"ये की आत. पोळ्या केल्यात."

"नको आई."

"अगं, आता बाबा म्हणाले की. मराठीत म्हणाले. तू ऐकलंस."

"ऐकलं. मला खूप बरं वाटलं, आई. पण त्या दिवशी स्टेशनवर मी मनाशी म्हणाले होते, आता या घरी परत यायचं नाही. दारात रागाने म्हणाले होते तसं नव्हतं ते. शांतपणे म्हणाले होते, पोटावर हात ठेवून." तिने डोळे पुसले. "आता आत आले तर त्या दिवशी जी पोटुशी बाई तिथे रडत बसली होती, ती उगाच रडली असं होईल. मला तिला तसं सोडता येत नाही. तू ये ना माझ्याकडे. इरा तुझी सारखी वाट बघते. बाबांच्या गोळ्या चुकवू नकोस. मी फोन करेन."

"बाबांना आता प्रवास जमायचा नाही, वैदू."

"माहीत आहे."

तिने खाली वाकून, उंबऱ्याच्या बाहेरूनच, आईच्या पायांना हात लावला. "जाते, आई."

"येते म्हणावं गं." प्रेमलाताईंच्या तोंडून ते आपसूक गेलं. लहानपणापासून त्या तिला हेच शिकवत आल्या होत्या.

"जाते," वैदेही म्हणाली. ती रडत होती आणि तिच्या बोलण्यात काडीचाही राग नव्हता. ती रिक्षात जाऊन बसली. गौसने काकूंकडे बघितलं, काहीतरी होईल म्हणून जरा थांबला, मग त्याला रिक्षा काढावीच लागली.

प्रेमलाताई आत आल्या. सर उशीला टेकून दाराकडेच बघत होते.

"वैदू कुठाय?"

"गेली."

"परत कधी येते म्हणाली?"

येईल की, असं म्हणायला प्रेमलाताईंची जीभ वळली होती. त्या पलंगाच्या कडेवर बसल्या. "येणार नाही म्हणाली," त्या म्हणाल्या. "कधीच येणार नाही." त्या घरात असं वाक्य त्यांनी आजवर उच्चारलं नव्हतं.

सरांनी मान थोडी उचलली आणि बायकोच्या तोंडाकडे बघितलं, लहान पोरासारखं, आशेने. "इंग्रजीत म्हणाली असेल की."

हो म्हटलं असतं तर ते निवांत झोपले असते. प्रेमलाताईंनी त्यांच्या पायांवर चादर ओढली.

"नाही हो," त्या म्हणाल्या. "मराठीत म्हणाली."